डावीकडची मोकळी जागा

१

सशाकडे सरळ चालत जायचं नसतं. त्याच्याकडे बघायचंही नसतं. काहीतरी हरवलंय आणि आपण ते शोधतोय अशा थाटात, नजर जमिनीवर ठेवून, तिरकं तिरकं चालत राहायचं. ससा गवतात पोट टेकून, कान पाठीला चिकटवून दबून बसलेला असतो. आपल्याला कुणी पाहिलेलं नाही अशी त्याची खात्री असते तोवर तो हलत नाही. पाच पावलांवरून गेलं तरी हलत नाही. पण आपण थांबलो की संपलं. थांबणं म्हणजे पाहिलं, एवढं त्याला बरोबर कळतं, आणि तो सुटतो.

ही विद्या मला सत्तावन्नाव्या वर्षी आली. त्याआधी तीस वर्षं मी एका सरकारी कार्यालयात आरेखक होते, जमिनींचे नकाशे काढायचे. स्वेच्छानिवृत्तीनंतर गुडघे सांभाळत धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये निवांत बसायचा बेत होता. पण नवऱ्याला सशांचं वेड लागलं आणि माझ्या नशिबी गवत आलं.

नवरा म्हणजे जितेंद्र. ते एका दवाखान्यात एक्स-रे काढायचे. जन्मभर लोकांच्या आरपार पाहिलं, पण सगळं काळं-पांढरं, अशी त्यांची तक्रार. त्यांना एकच फोटो हवा होता. मावळतीचं ऊन सशाच्या पाठीमागून यावं, त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असावेत, आणि उभ्या कानांतून ऊन आरपार येऊन आतल्या शिरा लाल दिसाव्यात. पूर्ण वेगात ससा कान पाडतो, म्हणून पहिल्या दोन-तीन उड्यांतच तो टिपायला हवा. फ्लॅश नाही, बॅटरी नाही, आहे त्या उजेडात. कॅमेरा सेकंदाला वीस फोटो घेतो, तरी चार हिवाळ्यांत तो एक काही मिळाला नव्हता.

आमची पद्धत ठरलेली. ते पश्चिमेकडे तोंड करून लाकडी पाटावर बसणार. समोर उशीच्या खोळीत ज्वारी भरून केलेली पिशवी, तिच्यावर ती भलीमोठी लेन्स. मी समोरच्या गवतात तिरकी चालणार. ससा जवळ दबलाय असं दिसलं की मी डोक्यावर हात ठेवायचा. त्यांनी कॅमेरा तिकडे लावून उजवा हात वर करायचा. हात वर झाला की मी थांबायचं, आणि मी थांबले की ससा सुटायचा. उजेड असेपर्यंत त्यांनी बोलायचं नाही, वळायचं नाही. मीही हाक मारायची नाही. सदतीस वर्षांच्या संसारात इतका वेळ आम्ही न भांडता दुसरीकडे कुठेच काढला नसेल.

यंदा मात्र घाई होती. त्यांना काचबिंदू. डावा डोळा दिवाळीतच गेला. उजव्यात मधली वाटीएवढी नजर उरली आहे, कडेचं काही दिसत नाही. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. उरलेलं औषधाच्या थेंबांवर किती टिकेल ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. हा हिवाळा शेवटचा हे दोघांनाही कळत होतं. ते चौकटीला आपटले की मी चिडवायची, "दार तिथंच आहे हो, तीस वर्षांपासून." मग स्वयंपाकघरात जाऊन गॅस उगाच मोठा-बारीक करत उभी राहायची. मला फार भीती वाटत होती.

२

विमानतळालगतच्या मिहान औद्योगिक वसाहतीच्या मागे पुष्कळ जमीन नुसती पडून आहे. रस्ते मोठे केले, दिवे लावले, प्लॉटला पाट्या लावल्या, आणि कारखाने काही आले, काही नाही आले. मग गवत आलं आणि गवतामागे ससे. डोक्यावरून विमानं उतरतात, सशांना त्याचं काही नाही. एका रिकाम्या प्लॉटच्या फाटकाशी बळीराम नावाचा चौकीदार असतो. त्याच्या केबिनजवळ मी गाडी लावते आणि तिथून आम्ही आत चालत जातो. गाडी मीच चालवते, कारण त्यांच्या हाती ती देणं केव्हाच बंद केलं होतं.

माझं दुसरं काम घरी. रोज रात्रीचं जेवण उरकल्यावर मी संगणकावर त्या दिवशीचे फोटो बघायची आणि प्रत्येक ससा कुठून उठला, कुठे वळला, कुठे गेला ते ट्रेसिंग पेपरवर काढायची. मधोमध फुली म्हणजे जितेंद्र. सशांच्या वाटा म्हणजे बाणाच्या रेघा. ससा वेडावाकडा पळतो असं लोकांना वाटतं, पण त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. त्या कागदावर आल्या की उद्या कुठे बसायचं ते कळतं. तीस वर्षांची सवय, हात आपोआप चालतो.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या अकरा रेघा मी एका कागदावर उतरवल्या आणि पेन खाली ठेवलं. फुलीच्या डाव्या हाताला, साधारण चाळीस पावलांवर, बांगडीएवढी मोकळी जागा राहिली होती. अकरापैकी नऊ रेघा तिच्यापाशी येऊन वाकल्या होत्या. समोरून धावत आलेला ससा तिथे एकदम उजवीकडे वळलेला, दक्षिणेकडून आलेला तिला वळसा घालून गेलेला. बाकीचे दोन तिच्याकडे फिरकलेच नव्हते.

"खड्डा असंन वं," जितेंद्र म्हणाले. "नाहीतर घोरपड असंन. त्यात इतका विचार काहून करून राहिली?"

मलाही तसंच वाटलं. रविवारी सकाळी दहाच्या उन्हात आम्ही दोघं जाऊन ती जागा बघून आलो. खड्डा नव्हता, बीळ नव्हतं, काटेरी झुडूप नव्हतं. गुडघाभर गवत होतं, इतर ठिकाणी असतं तसंच. एवढंच, की त्या माळावर कुठेही पाऊल टाकलं तरी सशांच्या लेंड्या सापडतात, आणि तिथे एकही नव्हती. मी जितेंद्रना ते सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे असं तेव्हा वाटलं नाही.

३

पुढच्या आठवड्यात ती जागा सरकली. चाळीस पावलांवरून पंचवीस.

मी रेघा पुन्हा काढल्या. मोजायला चुकले असेन म्हणून फोटोतल्या बाभळीवरून, विजेच्या खांबावरून अंतरं पुन्हा बसवली. उत्तर तेच आलं. आणि ती अजूनही डावीकडेच होती. घोरपड सरकते, सापही सरकतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण सात दिवसांत अमुक पावलं आणि नेमकं माझ्या नवऱ्याच्या दिशेनं, असं घोरपडीला काय पडलंय?

"आपण जागा बदलू," मी म्हणाले.

"बदलू ना. तुझ्या समाधानासाठी." ते हसले. "सशाले सोडून तू तर आता न दिसणाऱ्याचा नकाशा काढून राहिली."

आम्ही रस्ता ओलांडून पलीकडच्या प्लॉटवर गेलो. मधे सहा पदरी डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण. तिथलं गवत अधिक उंच होतं आणि ऊनही छान येत होतं. पहिल्याच संध्याकाळी चार ससे उठले आणि जितेंद्र खूश झाले. घरी येताना वर्धा रोडला त्यांनी मला तर्री पोहे खाऊ घातले.

त्या रात्री मी चार रेघा काढल्या. चारही वाकल्या होत्या. फुलीच्या डावीकडे, पंधरा पावलांवर.

मी पट्टीनं अंतर पुन्हा मोजलं. एवढं मात्र खरं, की तेव्हाही मी कारणंच शोधत होते. उजेड डावीकडून येत असेल. वारा असेल, त्यांच्या अंगाचा वास सशांना तिकडून जात असेल. मी हवामानाची नोंदसुद्धा काढून बघितली. आधीच्या चार संध्याकाळी वारा चार निरनिराळ्या दिशांचा होता.

दुसऱ्या दिवशी गाडी लावताना बळीरामनं मला थांबवलं. "बाई, तुमचे ससे तर सारे इकडंच येऊन राहिले," तो म्हणाला आणि केबिनमागचा सिमेंटचा चौथरा दाखवला. भर उजेडात तिथे सहा-सात ससे बसले होते. खात नव्हते, खेळत नव्हते, एकमेकांना चिकटून नुसते बसले होते. गवताला लागून असलेली कड त्यांनी रिकामी सोडली होती.

"मी काठी आपटली तरी उठत नाही," बळीराम म्हणाला.

"काहून?" मी विचारलं.

"आता मले काय मालूम. गवतात जायचा जीव होत नसंन त्याइचा."

जितेंद्र माझ्या शेजारीच उभे होते, पण चौथरा त्यांच्या डाव्या बाजूला होता. मी खांद्याला धरून वळवलं तेव्हा कुठे त्यांना ससे दिसले. बसलेल्या सशाचा फोटो काय काढायचा, असं म्हणून ते गवताकडे निघाले.

४

मकरसंक्रांतीच्या दुपारी मी सगळे ट्रेसिंग पेपर फुलीवर फुली येईल असे एकावर एक ठेवले आणि दिवाणखान्याच्या खिडकीच्या काचेवर धरले. मागून ऊन येत होतं. रेघांचं जाळं झालं होतं आणि त्यात मोकळ्या जागा स्वच्छ दिसत होत्या. आठवड्याच्या नाही, आता प्रत्येक दिवसाच्या वेगळ्या. मी पेन्सिलीनं त्या तारखेप्रमाणे जोडल्या.

रेघ सरळ आली नाही. थोडी पुढे, मग बरीच उजवीकडे, जसं काही दुसरीकडेच जायचंय. मग पुन्हा डावीकडे, थोडी जवळ. कुठेही फुलीकडे तोंड नाही. पण प्रत्येक वळणाला अंतर कमी.

हे चालणं मी ओळखलं. ते माझं होतं. चार हिवाळे मी असंच चालले होते.

आत स्वयंपाकघरात जितेंद्र तिळाची वडी शोधत होते, डब्यांची झाकणं वाजत होती. मी कागद तसाच ठेवून आत गेले आणि त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले. काही बोलले नाही. त्यांच्या कोपरापासून हातभर अंतरावर होते. त्यांच्या गालावरचे सकाळच्या दाढीतून सुटलेले दोन केस मला दिसत होते. त्यांनी वडी काढली, खाल्ली, बोटं चाटली, झाकण लावलं. मग दिवाणखान्याच्या दिशेनं मोठ्यानं म्हणाले, "प्रमोदिनी, चहा टाकते का वं?"

मला रडू आलं. ते ऐकून ते इतके दचकले की डबा हातातून पडला.

मग मी त्यांना सगळं दाखवलं. कागद, तारखा, ती रेघ. त्यांनी कागद उजव्या डोळ्यासमोर धरून बोटाबोटानं सरकवत पाहिला, कारण एका वेळी त्यांना तेवढाच दिसतो. मग तो खाली ठेवला.

"असं समज, तिथं काही आहे," ते शेवटी म्हणाले. "मग त्यानं आजवर केलं काय मले?"

"आजवर ते पोचलं नाही."

"पोरी, माझा डोळा चालला." मी साठीला आले तरी लाडात आले की ते मला पोरी म्हणायचे. "मले एक फोटो पाहिजे. पुढच्या साली मी तुले पाहू शकीन का नाही, तेही माहीत नाही. आणि तू मले घोरपडीपायी घरी बसवून राहिली."

मी म्हणाले, मी तुमच्या डाव्या बाजूला बसते. तर म्हणे, तू बसलीस तर ससा कोण उठवेल? शेवटी एक संध्याकाळ ठरली, शेवटची. फोटो मिळो वा न मिळो, नंतर या जन्मात गवताचं नाव काढायचं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मला तेवढ्यानं बरं वाटलं, हे सांगायला आता लाज वाटते.

५

बुधवारी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. असा उजेड वर्षातून दोन-तीनदाच मिळतो. साडेचारला मी त्यांना पाटावर बसवलं, मफलर नीट गुंडाळला, आणि त्यांच्या डाव्या बाजूचं गवत काठीनं झोडपून आले, पार तीस पावलांपर्यंत. काही नव्हतं. त्यांना म्हणाले, "मी चालले हं." त्यांनी मान हलवली. उजेड असेपर्यंत बोलायचं नाही.

मी दोनशे पावलं समोर गेले आणि मग वळून तिरकी चालू लागले. सूर्य माझ्या पाठीशी होता. ऊन माझ्यावरून जाऊन त्यांच्यावर पडत होतं, त्यामुळे मला ते अगदी स्पष्ट दिसत होते. तपकिरी जॅकेट, मफलर, लेन्सचं काळं तोंड. पाऊण तास गेला. एकही ससा उठला नाही, कारण गवतात एकही ससा उरला नव्हता. मी मनात म्हणत होते, झालं, संपलं, आता घरी जाऊ आणि खिचडी टाकू.

शंभर पावलांवर आले तेव्हा मी सहज वर पाहिलं.

पाटावर ते बसले होते. आणि त्यांच्या डाव्या हाताला, संक्रांतीला मी स्वयंपाकघरात उभी होते तेवढ्या अंतरावर, गवतात आणखी कुणीतरी दबून बसलं होतं. ऊन त्याच्या अंगावर सरळ पडलं होतं, त्यामुळे झाडाची सावली म्हणायची सोय नव्हती. पाठ गवताच्या रंगाची. पाय असतील तर कुठे दुमडले होते ते कळत नव्हतं. एका बाजूचा डोळा दिसला, मोठा, न मिटणारा. त्यानं एक खांदा किंचित खाली सोडला होता. जितेंद्र तसा सोडतात, पंधरा वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले तेव्हापासून. बसण्याची ढब हुबेहूब त्यांची होती.

मी नजर खाली टाकली. ओरडले असते तर ते त्याला कळलं असतं. मला एकच गोष्ट येत होती, ती मी केली. चालत राहिले. तिरकी, हळू, जमिनीकडे बघत, जसं काही मला काही दिसलंच नाही. ऐंशी पावलं. साठ. गवताचा आवाज नको तेवढा होत होता. जवळ जायचं, नेहमीच्या आवाजात चला म्हणायचं, दंडाला धरून उठवायचं आणि तिकडे न बघता निघायचं, एवढंच मी ठरवलं होतं. चाळीस. कडेच्या नजरेनं मला कळत होतं की ते हललेलं नाही.

तीस पावलांवर आले. घाम डोळ्यांत उतरत होता. आणि माझा हात, मी काही विचार करायच्या आत, कपाळ पुसायला डोक्यावर गेला.

जितेंद्रनी तो पाहिला. तेवढंच त्यांना दिसत होतं, समोरचं, वाटीएवढं. बायकोनं डोक्यावर हात ठेवला, म्हणजे ससा सापडला. लेन्स माझ्याकडे वळली. उजवा हात आनंदानं वर झाला.

आणि मी थांबले. मी थांबायचं ठरवलं नव्हतं, पण चार हिवाळ्यांची सवय पायांत बसली होती. मी थांबले आणि सरळ त्याच्याकडे बघितलं.

गवत एकदा जोरात हललं. कॅमेऱ्याची कडकड दोन सेकंद ऐकू आली आणि थांबली. एक विमान डोक्यावरून गेलं, त्या आवाजात दुसरं काही ऐकू आलं असतं तरी कळलं नसतं. मी धावत पोचले तेव्हा पाटावर जितेंद्र बसलेले होते. एकटे.

"काही लागलं का? अहो, काय झालं?" मी त्यांना चाचपत होते.

"काही नाही," ते म्हणाले. "चल."

आणि उठून, न अडखळता, गवतातून माझ्या पुढे चालू लागले.

६

घरी ते चौकटीला आपटले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या डाव्या बाजूनं पाण्याचा ग्लास नेत होते. त्यांनी मान न वळवता हात लांब करून तो घेतला. आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे नजरेची तपासणी होती. यंत्रात डोकं घालून बसायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला, तपासणी पुन्हा करायला लावली, मग यंत्र बदललं. सगळे ठिपके त्यांनी पकडले होते. दोन्ही डोळ्यांनी.

"असं होत नाही," त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा पाहून सावरून म्हणाल्या, "पण झालंय खरं. पेढे आणा."

पुण्याहून आमची मुलगी मिनल फोनवर रडली. शेजाऱ्यांनी हार आणला. ज्यासाठी मी दोन वर्षं जीव टांगणीला लावला होता ते मिळालं होतं, आणि मी कुणाला काय सांगणार? की माझा नवरा आता मान वळवत नाही? की मी कामात असते तोवर ते खुर्चीत स्वस्थ बसतात, आणि मी हात थांबवून उभी राहिले की त्यांचा श्वास थांबतो? डॉक्टरांच्या हातून कधी कधी चमत्कार होतात. माणूस मोठ्या आजारातून उठला की बदलतो. हे मी रोज स्वतःला सांगते आणि अर्धा दिवस ते पटतं.

कॅमेरा त्यांनी कोपऱ्यात ठेवला तो ठेवलाच. त्यातले शेवटचे फोटो मी एकटीच पाहिले. चाळीस होते. पहिल्या अठरांमध्ये मी आहे, गवतात उभी, तोंड उघडं. एकोणिसाव्यात मी कडेला सरकते. त्यांनी नियम मोडला होता, लेन्ससकट डावीकडे वळले होते. माझा चेहरा पाहूनच वळले असणार. विसाव्यात खांब तिरपा झालाय. त्यानंतरचे वीस नुसते भुरके आहेत. काहीतरी इतकं जवळ होतं की लेन्सला ते धरताच आलं नाही.

सशाचा फोटो राहिला याबद्दल ते एक शब्द बोललेले नाहीत. मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "कोणता फोटो?"

७

काल मीच म्हणाले, मला एकदा तिथे जायचंय. का ते त्यांनी विचारलं नाही. गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाले, "मी चालवतो."

त्यांनी छान चालवली. बळीरामनं लांबूनच हात केला, पण केबिनमधून बाहेर आला नाही. चौथऱ्यावर ससे नव्हते, कुठेच नव्हते. जितेंद्र गाडीपाशी थांबले आणि मी गवतात गेले. साडेपाच वाजले होते, ऊन अजून चांगलं होतं. पाट ठेवायचो ती जागा मला सापडली, मी मोजून ठेवली होती. गवत उभं होतं. कुणी बसल्याची, झटापटीची, कसलीच खूण नव्हती. मी सुटकेचा श्वास टाकला. वेडी आहेस तू प्रमोदिनी, असं मोठ्यानं म्हणाले.

"कोण आहे?"

आवाज गवतातून आला, खालून, दहा-बारा पावलांवरून. मी जागची हलले नाही.

"कोण आहे वं? प्रमोदिनी?" आवाज घोगरा होता. बऱ्याच दिवसांत पाणी न मिळालेल्या माणसाचा असावा तसा. "समोर ये ना. मले कडेचं दिसत नाही, तुले माहीत नाही का?"

तो आवाज त्यांचा होता. सदतीस वर्षं सकाळी ऐकलेला, चहा मागणारा. मला तिथे गवत दिसत होतं आणि गवतच दिसत होतं. मी आरेखक आहे, दोन शक्यता मला सरळ मांडता येतात. माझा नवरा त्या दिवसापासून तिथे बसून आहे, आणि मी गाडीपाशी सोडून आले तो दुसराच कुणी. किंवा नवरा गाडीपाशी आहे, त्याचे डोळे बरे झाले आहेत, आणि गवतात जे आहे ते आता माझ्यासाठी बसलंय. दोन्हींतलं कोणतं खरं, ते दहा पावलं पुढे जाऊन कळलं असतं.

रस्त्यावरून गाडीचा हॉर्न वाजला, दोनदा. मी मागे पाहिलं. ते गाडीला टेकून उभे होते, एक हात खिडकीतून आत, पाठ माझ्याकडे, तोंड पलीकडच्या रस्त्याकडे. मी एक पाऊल पुढे टाकलं, तर हॉर्न पुन्हा वाजला. त्यांनी वळून पाहिलं नव्हतं.

"पोरी," आवाज म्हणाला. "ये वं. मी काही बोललो नाही, वळलोही नाही."

मी उत्तर दिलं नाही. मी वळले आणि गाडीकडे चालू लागले. हाक आणखी दोनदा आली, दुसरी हळू होती, मग आली नाही. त्यांनी आतून माझ्यासाठी दार उघडलं, मी बसले, पट्टा लावला. घरी येऊन भात टाकला, दोघांची पानं वाढली, ते जेवले.

तो आवाज त्यांचाच होता हे मला माहीत आहे. वळलो नाही म्हणाले ते खोटं होतं, मी फोटो पाहिलेत. पण ते माझ्यामुळेच वळले होते, आणि मला वाईट वाटू नये म्हणून ते असं खोटं नेहमीच बोलायचे. मला भीती वाटली म्हणून मी गेले नाही. दुसरं काही कारण नाही.